तेहतीसला दोनाने भाग जात नाही: बिनबियांच्या केळ्यामागचं पेशी विभाजन

पिकलेलं केळं सोला, वरच्या टोकाला मधोमध बोट ठेवून हलकेच दाबा. केळं लांबीत उकलतं आणि त्याच्या बरोब्बर तीन फाका होतात. प्रत्येक फाकीच्या आतल्या कडेने बारीक तपकिरी ठिपक्यांची ओळ दिसते. या बिया नव्हेत. बी व्हायचं राहून गेलेली ही बीजांडं. आग्नेय आशियातल्या जंगलात केळीचा जो पूर्वज आजही उगवतो, म्युसा अक्युमिनाटा, त्याच्या फळात याच जागी काळ्या, टणक बिया खच्चून भरलेल्या असतात आणि गर जेमतेम. खायला बसलात तर दाताला बीच लागणार.

मग बाजारातल्या केळ्यात बी का धरत नाही? उत्तर शेवटी पेशींच्या हिशेबात सापडतं. सजीवांत पेशी दोन तऱ्हेने विभागते. एक सूत्री विभाजन, ज्याने शरीर वाढतं. दुसरं अर्धगुणसूत्री विभाजन, ज्यातून परागकण आणि अंडपेशी तयार होतात. केळीत पहिलं अगदी ठणठणीत चालतं आणि दुसरं कोलमडतं. शाळेत दोन्हींच्या अवस्था पाठ केलेल्या असतात, पण दोन्हींत खरा फरक कुठे पडतो हे केळीइतकं स्पष्ट दुसरं कुठलं पीक दाखवत नाही.

आधी गुणसूत्रांची मोजदाद

पेशीच्या केंद्रकात डीएनएचे लांबच लांब धागे असतात. विभाजनाच्या वेळी ते आखडून जाड होतात, तेव्हा त्यांना आपण गुणसूत्रं म्हणून ओळखतो. रानटी केळीच्या पेशीत २२ गुणसूत्रं असतात: ११ आईकडून, ११ बापाकडून. म्हणजे ११ प्रकार आणि प्रत्येक प्रकाराची जोडी. याला द्विगुणित म्हणतात. जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपड्याच्या बागांत उभी असलेली ग्रँड नैन ही जात मात्र त्रिगुणित आहे. प्रकार तेच ११, पण प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. एकूण ३३.

या प्रतींच्या संचांना अक्षरं दिली आहेत. म्युसा अक्युमिनाटाकडून आलेला संच ‘ए’, म्युसा बाल्बिसियाना या दुसऱ्या रानटी केळीकडून आलेला ‘बी’. ग्रँड नैन, बसराई आणि मुंबईची हरीछाल ही सगळी ‘एएए’. वसईची सुकेळी जिच्यापासून करतात ती राजेळी ‘एएबी’. त्रिगुणित दोन्ही.

ज्या विभाजनाला जोडीदार लागत नाही

केळीचं जे खोड डोळ्यांना दिसतं ते खोड नव्हे, पानांच्या तळांची एकावर एक घट्ट गुंडाळी आहे. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. त्याच्या माथ्यावर मधोमध वाढीचा कोंब असतो आणि पानं, पुढे घड, सगळं अशाच कोंबातल्या पेशींच्या सूत्री विभाजनातून येतं.

विभाजनाआधी पेशी आपला सगळा डीएनए एकदा दुप्पट करते. गुणसूत्रं ३३च राहतात, पण प्रत्येक आता दुहेरी असतं: दोन हुबेहूब अर्धगुणसूत्रं, गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेली. पूर्वावस्थेत ती आखडतात आणि केंद्रकाचं आवरण विरघळू लागतं. मध्यावस्थेत सगळी पेशीच्या मध्यरेषेवर येऊन लागतात आणि प्रत्येकाला दोन्ही ध्रुवांकडून, म्हणजे पेशीच्या दोन टोकांकडून, तुर्कतंतू (गुणसूत्रं ओढणारे बारीक धागे) येऊन जोडले जातात. इथे पेशी थांबून तपासणी करते; एकही गुणसूत्र दोन्ही बाजूंनी नीट धरलं गेलेलं नसेल तर पुढची पायरी रोखून धरली जाते. मग पश्चावस्थेत गुणसूत्रबिंदू सुटतात, ३३ इकडे आणि ३३ तिकडे ओढली जातात. अंत्यावस्थेत दोन केंद्रकं तयार होतात. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून कडक भिंत असल्याने ती प्राण्यांच्या पेशीसारखी मधे आवळून तुटत नाही. मधोमध नवा पडदा घातला जातो आणि तो कडेपर्यंत वाढत जाऊन भिंत होतो.

या सगळ्यात लक्षात ठेवायचं ते एकच. मध्यावस्थेत प्रत्येक गुणसूत्र एकटं उभं राहतं. त्याच्या प्रकाराची दुसरी प्रत पेशीत आहे की नाही, एक आहे की दोन, याच्याशी त्याला काहीही देणंघेणं नसतं. म्हणून प्रती दोन असोत, तीन असोत की चार, सूत्री विभाजन बिनबोभाट पार पडतं.

हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर केळीच्या नादी लागू नये. तिची गुणसूत्रं फार बारीक असतात. कांदा घ्यावा: १६ गुणसूत्रं आणि सगळी मोठाली. कांद्याची जुनी मुळं खरवडून तो बुडापुरता पाण्याला टेकवून ठेवला की दोन-चार दिवसांत मुळं एक-दोन सेंटिमीटर होतात. ती सकाळी कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसिटिक ॲसिडच्या मिश्रणात २४ तास ठेवायची. नंतर ६० अंश सेल्सियसच्या एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये पाच ते दहा मिनिटं, धुऊन ॲसिटोकार्मिनचा रंग, मग काचपट्टीवर ४५ टक्के ॲसिटिक ॲसिडच्या थेंबात ठेवून वर कव्हरस्लिप आणि अंगठ्याने सरळ खाली दाब.

स्लाइड फसते ती बहुतेक तीन ठिकाणी. टोकाचे दोन-तीन मिलिमीटर सोडून वरचा भाग घेतला तर तिथे विभाजन नसतंच, नुसत्या लांबट पेशी दिसतात. ॲसिडात वेळ कमी पडला तर पेशींना चिकटवून ठेवणारं द्रव्य विरघळत नाही, सगळा गोळाच राहतो. वेळ जास्त झाला तर रंग धरत नाही. आणि दाबताना कव्हरस्लिप आडवी सरकली की पेशी फाटून लोळतात. सगळं जमलं तरी बहुसंख्य पेशींत नुसतं गोल केंद्रक दिसेल, कारण कांद्याच्या मुळातली पेशी सुमारे २० तासांच्या फेरीतला बराचसा काळ डीएनए दुप्पट करण्यात आणि वाढण्यात घालवते. प्रत्यक्ष ओढाताण थोडाच वेळ चालते. त्यातही पश्चावस्था सगळ्यात क्षणिक, म्हणून ती एका नजरेत सापडली नाही तर स्लाइड टाकून देऊ नये, सरकवत राहावं.

ज्याला जोडीच लागते

बीजांड आणि परागकोशातल्या ठरावीक पेशींचं काम वेगळं. त्यांना गुणसूत्रं निम्मी करायची असतात, नाहीतर दर पिढीला ती दुप्पट होत जातील. डीएनए एकदाच दुप्पट होतो, विभाजन मात्र लागोपाठ दोनदा होतं. पहिल्या विभाजनात सजातीय गुणसूत्रं, म्हणजे आईकडचं पहिलं आणि बापाकडचं पहिलं, दुसऱ्याबरोबर दुसरं, अशी शेजारी येऊन लांबीभर जुळतात. जुळलेल्या अवस्थेतच ती आपसात तुकड्यांची देवाणघेवाण करतात. मग जोडी फुटते, एक या ध्रुवाला, दुसरं त्या. दुसरं विभाजन सूत्री विभाजनासारखंच. शेवटी चार पेशी, प्रत्येकीत निम्मी गुणसूत्रं.

रानटी केळीत ११ जोड्या आहेत. प्रत्येक जोडीतलं कोणतं कुठे जाईल हे स्वतंत्रपणे ठरतं, म्हणून केवळ वाटणीतूनच दोनाचा अकरावा घात, म्हणजे २,०४८ प्रकारची युग्मकं (निम्म्या गुणसूत्रांच्या लिंगपेशी) होऊ शकतात. तुकड्यांची देवाणघेवाण यात धरलेलीच नाही. दोन बियांतून उगवलेली झाडं एकसारखी का नसतात, त्याचं मूळ इथे.

आता हाच खेळ तीन प्रतींत मांडून बघा. जुळायला तिघं आले. कधी तिघं मिळून एक गाठ बनवतात, कधी दोघं जुळतात आणि तिसरं एकटं भरकटतं. ध्रुवांकडे जाताना एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक. ११ प्रकार आणि प्रत्येकाची अशी स्वतंत्र वाटणी. युग्मक धड व्हायचं तर त्यात सगळ्या प्रकारांची एकेक प्रत हवी किंवा सगळ्यांच्या दोन-दोन. एकाच बाजूला अकराच्या अकरा वेळा ‘एक’ येण्याची शक्यता २,०४८ मध्ये एक. अकराही वेळा ‘दोन’ येण्याचीही तेवढीच. दोन्ही मिळून १,०२४ मध्ये एक. हाही उदार हिशेब झाला, कारण एकटी राहिलेली गुणसूत्रं बऱ्याचदा कुठल्याच ध्रुवाला पोचत नाहीत, वाटेतच मागे राहून नष्ट होतात.

उरलेल्या युग्मकांत कुठे १४, कुठे १७, कुठे १९ गुणसूत्रं. म्हणजे काही प्रकारांची जनुकं दुप्पट, काहींची एकेरी. प्रथिनांचं प्रमाण बिघडतं आणि परागकण सुकतात, अंडपेशी मरतात किंवा चुकून फलन झालंच तरी गर्भ पुढे वाढत नाही. सोललेल्या केळ्यातले तपकिरी ठिपके ते हेच.

इथे एक गल्लत नेहमी होते. बी न धरणं आणि फळ धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच झाडांत बी धरलं नाही तर फळ गळून पडतं. केळीत फलनाशिवाय बीजांडकोश फुगण्याचा गुण स्वतंत्रपणे, जनुकांतून आलेला आहे. तो आधी होता, माणसाने तो हेरून कमी बियांची, गरदार झाडं जपली. त्रिगुणितपणाने उरलेल्या बियाही संपवल्या. शिवाय खाण्याच्या काही केळींत गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असल्यानेही जुळणी बिघडते. सगळं खापर ‘तीन’ या आकड्यावर फोडता येत नाही.

आणि ३३ आली कुठून? तीही अर्धगुणसूत्री विभाजनाच्याच चुकीतून. कधीकाळी एका झाडात गुणसूत्रं निम्मी व्हायची राहिली, २२ गुणसूत्रांचं युग्मक तयार झालं आणि ते दुसऱ्या झाडाच्या ११ गुणसूत्रांच्या युग्मकाला मिळालं. पापुआ न्यू गिनीतल्या कूक या दलदलीच्या जागी साडेसहा ते सात हजार वर्षांपूर्वी केळी लावली जात होती याचे पुरावे सापडले आहेत. असं त्रिगुणित झाड जंगलात निपुत्रिकच राहिलं असतं. माणसाने त्याचे मुनवे, म्हणजे बुडाशी फुटलेली पिल्लं, काढून लावले.

हीच चूक ठरवून करता येते. बिनबियांचं कलिंगड असंच बनवतात. कलिंगडाचीही गुणसूत्रं २२. रोपाच्या कोंबावर कोल्चिसिन हे रसायन घातलं की तुर्कतंतू बनत नाहीत, दुप्पट झालेली गुणसूत्रं एकाच पेशीत अडकतात आणि ४४ गुणसूत्रांचं झाड मिळतं. त्याचा साध्या कलिंगडाशी संकर केला की ३३. मात्र कलिंगडाला फळ धरायला परागाचा धक्का लागतो, म्हणून बिनबियांच्या जातीच्या ओळींमध्ये साधी जात लावावी लागते; ती विसरलात तर वेल हिरवागार आणि फळ शून्य. नाशिकची थॉमसन सीडलेस द्राक्षं यात बसत नाहीत. ती द्विगुणितच आहेत, फलनही होतं, पण गर्भ लवकर मरतो आणि मऊ, नखाएवढंही नसलेलं बी आत राहून जातं.

बी नाही, मग रोप कुठून?

कंदावरच्या बगलेच्या कोंबातून मुनवे फुटतात. सगळं सूत्री विभाजन, त्यामुळे मुनवा म्हणजे आईचीच प्रत. (सह्याद्रीतली रानकेळ, चवई, बरोब्बर उलट: ती वेगळ्या प्रजातीची, तिला मुनवे येतच नाहीत, झाड एकदा फळून मरतं आणि पुढची पिढी फक्त बियांतून.) लागवडीला तलवारीसारख्या अरुंद पानांचे मुनवे घेतात, अर्धा-पाऊण किलोच्या कंदाचे. रुंद पानांचे मुनवे दिसायला तजेलदार असतात, पण त्यांचा कंद लहान राहतो आणि घड बारीक पडतो. कंदाची खरी अडचण म्हणजे त्याच्याबरोबर येणारी माती: सूत्रकृमी, सोंड्या भुंगा आणि मररोगाची बुरशी. शिवाय वयाने मागेपुढे असलेले कंद लावले की निसवणही (घड बाहेर पडणं) मागेपुढे, कापणी लांबते.

म्हणून टिश्यू कल्चर. यात जादू काही नाही. कोंबातल्या सूत्री विभाजनाला बाटलीत मोकळं रान द्यायचं. विषाणूची चाचणी झालेल्या आईझाडाचा मुनवा घेऊन बाहेरचे थर उतरवत कोंबाचा लहान ठोकळा काढतात, सोडियम हायपोक्लोराइटसारख्या द्रावणात निर्जंतुक करून निर्जंतुक पाण्याने तीनदा धुतात. तो एमएस माध्यमावर ठेवतात. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये मांडलेली ही क्षारांची कृती. लिटरला ३० ग्रॅम साखर, माध्यम घट्ट करायला सात-आठ ग्रॅम अगर, सामू (पीएच) ५.८. मग निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये, दाबाखालच्या वाफेत, १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं. सामू खाली घसरला तर अगर धरत नाही, माध्यम पातळ राहतं.

कोंब फुटायला बीएपी हे संप्रेरक घालतात, लिटरला साधारण दोन ते पाच मिलिग्रॅम. त्याने मुख्य कोंबाची दादागिरी मोडते आणि बगलेचे कोंब जागे होतात. कापलेल्या जागेतून काळा द्रव सुटून माध्यम तपकिरी होतं, तेव्हा तुकडा ताबडतोब नव्या माध्यमावर हलवावा लागतो. दर तीन-चार आठवड्यांनी गुच्छ फोडून पुन्हा लावायचा. एकाचे तीन धरले तर सात फेऱ्यांत २,१८७ रोपं.

मोह इथेच होतो. आणखी दोन फेऱ्या केल्या की आकडा नऊपट, तोही नव्या आईझाडाच्या खर्चाशिवाय. पण डीएनएची नक्कल निर्दोष नसते. केळीचा एक संच सुमारे ५२ कोटी अक्षरांचा, तीन संच दीड अब्जांच्या वर. दुरुस्तीनंतरही अब्ज अक्षरांमागे एखादी चूक राहून जाऊ शकते. प्रत्येक विभाजनात थोडं थोडं साचत जातं. त्याहून मोठा घोटाळा बीएपी जास्त झाल्यावर होतो: कोंब नेहमीच्या जागेतून न फुटता बिनआकाराच्या गाठीतून फुटू लागतात. अशा गाठीतल्या पेशींत विभाजनाची शिस्त ढिली असते. मग शेतात खुजी झाडं निघतात, चिवट अरुंद पानांची निघतात, फण्या वेड्यावाकड्या येतात. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा सात-आठ फेऱ्यांवर थांबतात आणि नवा मुनवा घेतात. स्वस्त रोप घेताना दराच्या आधी हा प्रश्न विचारावा: कितवी फेरी? आणि विषाणूचा चाचणी अहवाल आहे का? बाटलीत वाढलं म्हणजे विषाणू गेला असं होत नाही. तो कोंबाबरोबरच वाढतो.

बाटलीतल्या रोपाची पानं दमट हवेत वाढलेली असतात. त्यांवर मेणाचा थर पातळ आणि पर्णरंध्रं मिटायची सवय नाही. थेट उन्हात नेलं तर तासाभरात माना टाकतात. म्हणून आधी प्रो-ट्रेत कोकोपीटवर, ८० ते ९० टक्के आर्द्रतेत तीन-चार आठवडे, मग पिशवीत सहा-आठ आठवडे आणि फूटभर उंची, पाच-सहा पानं झाली की शेत. तरीही ही कोवळी रोपं सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाला, ज्याला जळगावकडे हरण्या म्हणतात, लवकर बळी पडतात. मावा तो काकडी, टोमॅटो, मिरचीवरून आणतो, म्हणून केळीत किंवा शेजारी ही आंतरपिकं नकोतच.

दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात आणि जनुकांच्या दृष्टीने ती सगळी एकच झाड असतात. एकाला जो रोग लागतो तो सगळ्यांना लागतो. ग्रो मिशेल ही जगाच्या व्यापारातली केळी अशीच पनामा मररोगाने विसाव्या शतकाच्या मध्यावर संपत गेली आणि ग्रँड नैन ज्यात मोडते तो कॅव्हेंडिश गट तिच्या जागी आला. आता त्याच बुरशीचा टीआर४ हा प्रकार कॅव्हेंडिशवर उठला आहे. भारतात तो बिहारच्या कटिहार, पूर्णिया भागात आढळला. बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते, औषध चालत नाही.

नेहमीचा उपाय म्हणजे रोगप्रतिकारक रानटी केळीशी संकर. तो इथे अडतो, कारण कॅव्हेंडिश धड युग्मकंच देत नाही. ऑस्ट्रेलियात रानटी केळीचं एक प्रतिकारक जनुक प्रयोगशाळेतून थेट ग्रँड नैनमध्ये घातलं गेलं आणि त्या वाणाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली; युग्मकांचा रस्ता बंद, म्हणून हा वळसा. तैवानने दुसराच मार्ग धरला होता. टिश्यू कल्चरमधून निघालेली वेगळी रोपं, जी इतरत्र उपटून फेकतात, ती त्यांनी मुद्दाम रोगट जमिनीत लावली आणि तग धरणारी निवडली. त्यातून जीसीटीसीव्ही-२१८, म्हणजे फॉर्मोसाना, ही जात आली. ती टीआर४ बऱ्यापैकी सोसते, मात्र घड तयार व्हायला साध्या कॅव्हेंडिशपेक्षा थोडा जास्त वेळ घेते.